कोंचिंगचे नऊ दिवस

“दोरीच्या बाहेर पाय टाकू नका, मानोंग तेर्यो. तिथूनच ऐका,” कापिताना नेनिता म्हणाली.

गावचा कारभार नेनिताकडे होता. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग म्हणत आणि बाईला मानांग. गेले वर्षभर ती हातात कर्णा घेऊन ‘घरात बसा, घरात बसा’ असे ओरडत गल्ल्यांतून फिरायची आणि पोरे तिची नक्कल करायची. आज तिने कर्णा पाठीमागे धरला होता.

“झालं सगळं,” ती म्हणाली. “अकरा वाजता कोंचिंगला ठेवलं. तिच्या आईच्या शेजारीच जागा मिळाली.”

“कोण कोण होतं?”

“चार जण. पांढऱ्या कपड्यांतले. फादर अन्सेल्मो होते, पण लांब, आंब्याखाली उभे होते.”

“अंगावर काय होतं तिच्या?”

नेनिताला ते माहीत नव्हते. पेटी शहरातून बंदच आली होती. तिने पायातली चप्पल मातीत घासली.

“आणि तिची पिशवी?”

“जाळली, मानोंग. दवाखान्यात या रोगाच्या माणसाचं सगळंच जाळतात.”

पिशवीत दोन झगे होते, एक कंगवा होता आणि एक वही होती. झग्यांचे काही नाही. वही मात्र पुन्हा मिळणार नव्हती.

ती वही त्याच्या बायकोच्या, कोंचिंगच्या, आजीच्या हातची होती. तालिसाय गावात माणूस गेला की नऊ दिवस त्याच्या घरी प्रार्थना व्हायची, आणि चौतीस वर्षे ती प्रार्थना कोंचिंगच जमलेल्यांकडून म्हणवून घ्यायची. जपमाळ, मृतांच्या विनवण्या, शेवटी मरियेच्या नावांची लितानी. कोंचिंग एकेक नाव घ्यायची आणि जमलेले लोक प्रत्येक नावाला ‘याच्यासाठी विनंती कर’ किंवा ‘हिच्यासाठी विनंती कर’ म्हणायचे. लितानी चर्चच्या पुस्तकात आहे तशी नव्हती. आजीने आणि आजीच्या आजीने समुद्राकाठी बसून जोडलेली ती नावे होती. एकेचाळीस. फादर सुरुवातीला कुरकुरले होते. मग त्यांची स्वतःची आई इथेच वारली, आणि त्यानंतर ते कधी बोलले नाहीत.

“प्रार्थना आपण नंतर करू,” नेनिता म्हणाली. “सगळं सुटलं की. जूनमध्ये म्हणा, जुलैमध्ये म्हणा. मोठी करू, डुक्कर कापू. सगळं गाव येईल.”

“तिनं कुणाची पुढं ढकलली होती?”

“मानोंग, आता दिवस कसले आहेत—”

“तुझ्या बापाच्या वेळी पाचव्या दिवशी वादळ आलं. घराचं छप्पर उडून फेलिसाच्या शेतात पडलं होतं. त्या दिवशी चुकली होती का ती?”

नेनिताने नकारार्थी मान हलवली.

“मग हिची आजपासून,” तेर्यो म्हणाला. “दिवस आजपासून मोजतात.”

“पण म्हणणार कोण?”

कोंचिंगच्या हाताखाली एकच बाई तयार झाली होती, रस्त्यापलीकडची मानांग सेर्यांग. तिला एकाहत्तरावे चालू होते आणि दमा असा की दोन वाक्यांपुढे तिला दम पुरत नव्हता. ती इकडे येऊ शकत नव्हती, तेर्यो तिकडे जाऊ शकत नव्हता. त्याच्या फाटकाला चौदा दिवसांची पिवळी दोरी बांधली होती.

दुपारी कुवेतहून मुलीचा फोन आला. मर्लिंडा आधी रडली, मग म्हणाली, “पापा, मनिलाची एक बाई आहे. फोनवरच नऊ दिवस करते. मी नाव दिलंय ममाचं. तुम्ही फक्त समोर बसा.”

तो बसला. बाईचा आवाज गोड होता, मागे फुलांचे चित्र होते. एकदम अकरा मृतांची प्रार्थना चालली होती. अकरात सातवे नाव कोंचिंगचे, तेही बाईने तिचे पूर्ण नाव कोन्सोर्सिया असताना कोन्सोलासियोन वाचले. तेर्योने फोन उशीखाली ठेवून दिला.

तेर्यो तीनचाकी चालवायचा. मोटरसायकल आणि तिच्या बगलेला पत्र्याचा डबा. कोंचिंगला मयताच्या घरी न्यायचे, तिथे बाहेर थांबायचे आणि प्रार्थना झाली की परत आणायचे. आत बायका प्रार्थना करत आणि अंगणात पुरुष पत्ते खेळत, माडी पीत. तेर्यो पत्ते बरे खेळायचा. रविवारी मिस्सेलाही तो चर्चच्या भिंतीला गाडी लावून गाडीतच बसे. शेजारचा दोल्दो त्याला ‘भिंतीबाहेरचा कॅथलिक’ म्हणायचा. चर्च दुसऱ्यांदा बंद झाले तेव्हा फादरांनी रिकाम्या बाकांवर घरोघरच्या माणसांचे फोटो चिकटवले. कोंचिंगने दोघांचा जोडफोटो दिला. “चला, फोटोत तरी आत आला,” असे त्या वेळी सगळे गाव म्हणाले.

चार वाजता तेर्योने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. ओसरीवर टेबल ओढले, त्यावर कोंचिंगचा फोटो, क्रूस आणि मेणबत्ती ठेवली. पाच वाजता तो उभा राहिला. वाटेकडे तोंड करून त्याने क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली.

मोठ्याने बोलायचा त्याला एकच सराव होता, बाजाराच्या नाक्यावर उतारू गोळा करायचा. आवाज तसाच निघाला.

कुंपणापलीकडून दोल्दो ओरडला, “कुठली गाडी रे, तेर्यो? एकच जागा राहिली काय?”

“मेल्या, गप बस! प्रार्थना चाललीय!” हे सेर्यांगचे होते. तिने एवढ्या जोरात म्हटले की पुढे तिला पाच मिनिटे खोकलाच लागला.

दोल्दो कुंपणापाशी आला. त्याने टेबल पाहिले, फोटो पाहिला. डोक्यावरची टोपी काढली. पुढच्या ‘नमो मरिये’चा लोकांनी म्हणायचा उरलेला अर्धा भाग त्याने म्हटला, थोडा लाजत, खाली बघत. मग डावीकडच्या घरातून कुणीतरी म्हटला. मग मागच्या गल्लीतून. जपमाळेतल्या तिसऱ्या रहस्याला, म्हणजे तिसऱ्या टप्प्याला, सगळी आळी आपापल्या अंगणात उभी होती.

तेर्यो कुठे अडत नव्हता, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य त्याचे त्यालाच वाटत होते. कुठल्या रहस्यानंतर कुठली विनवणी, कुठे मृताचे नाव घ्यायचे, कुठे आवाज उतरवायचा, सगळे आपोआप येत होते. चौतीस वर्षे तो पत्त्यांकडे बघत बसला होता, पण कान बसले नव्हते.

लितानी आली. त्याने पहिले नाव घेतले, दुसरे घेतले. सहावे घेतले आणि थांबला.

लोक वाट पाहत राहिले. मेणबत्ती वाऱ्याने विझली, ती त्याने पुन्हा लावली. तरी पुढचे नाव येईना.

“काय झालं रे?” दोल्दोने हळू विचारले.

“यापुढचं मला येत नाही.”

“एवढं सगळं आलं, अन् हेच कसं नाही?”

तेर्योने मान खाली घातली. “लितानी लागली की मी गाडी चालू करायचो. जुनं इंजिन. गरम व्हायला वेळ लागतो. ती बाहेर येईपर्यंत तयार असायला हवी ना. इंजिनाच्या आवाजात मला कधी पुढचं ऐकूच आलं नाही.”

मग पहिली हसली ती सेर्यांग. तिच्या मागोमाग आळीच्या आळी हसली. तेर्योला आधी वाईट वाटले. मग त्याच्या लक्षात आले, की महिन्याभरात या गल्लीत कुणी हसलेले त्याने ऐकले नव्हते. तोही हसला, आणि हसताहसता त्याला खाली बसावे लागले.

“तिला सांगायचंस तरी,” सेर्यांग डोळे पुसत म्हणाली. “दर वेळी म्हणायची, माझ्या नवऱ्याला घरी जायची भारी घाई.”

“तुला येतात ना, मानांग? तू सांग.”

“मला वही बघून येतात रे. निम्मी येतील. तीही मागंपुढं.”

तेवढ्यात उजवीकडून एक बारीक आवाज आला. फेलिसाचा. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी होडीसकट गेला होता, त्याचे प्रेत मिळाले नव्हते. ती कुणाशी फारसे बोलत नसे.

“बुडालेल्यांचा किनारा,” फेलिसा म्हणाली. “हे एक नाव आहे. माझ्या घरी नऊ दिवस मी त्या एकाच नावाची वाट बघायचे.”

तेर्यो उभा राहिला. “बुडालेल्यांचा किनारा,” तो म्हणाला.

“हिच्यासाठी विनंती कर,” आळीने म्हटले.

त्या दिवशी लितानी एकोणीस नावांवर थांबली.

दुसऱ्या दिवशी नेनिता कर्णा घेऊनच आली. “गर्दी करू नका! गर्दी दिसली की मी नावं लिहून घेईन!”

“कुठाय गर्दी?” दोल्दो आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर बसून म्हणाला. “मी माझ्या अंगणात. ती तिच्या अंगणात. आता स्वतःच्या अंगणात उभं राहायला पण परवाना लागतो काय, कापिताना?”

नेनिताने इकडेतिकडे बघितले. प्रत्येक जण खरोखरच आपल्या कुंपणाच्या आत होता. ती वाटेच्या मधोमध एकटीच उभी होती, म्हणजे नियम मोडणारी तीच. ती बाजूला नारळाखाली जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने कर्णा फाटकावरून पुढे केला.

“हा घ्या, मानोंग. मागच्या गल्लीत नीट ऐकू जात नाही.”

“नको,” तेर्यो म्हणाला. “तिला कधी लागला नव्हता.”

“तुम्ही काय ती आहात?”

“मी नाही. पण प्रार्थना तिची आहे. भोंग्यातून नाही व्हायची.”

नेनिताने कर्णा मागे घेतला. लितानी चालू झाल्यावर, एका अडलेल्या नावापाशी, ती खाकरली. “छप्पर गेलेल्यांचं छप्पर,” ती म्हणाली. “ताडपत्रीखाली उभी राहून म्हणाली होती ती. पाऊस असा होता की नाकातोंडात जात होता. मी समोरच होते.”

तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने आपल्या घरच्या मयताच्या वेळचे एक नाव आणले. चौथ्या दिवशी दोल्दोने, ज्याने कधी पत्त्यांतून मान वर काढली नव्हती, दोन आणली. “इंजिन तुझं होतं, माझं नव्हतं,” तो म्हणाला. ज्या घरातून कोंचिंगने माणूस पोचवला होता, त्या प्रत्येक घरात तिचा एखादा तुकडा राहून गेला होता. कुणाला ‘रिकाम्या पाळण्याची सोबत’ आठवत होते, कुणाला ‘परदेशी गेलेल्यांची वाट’. सेर्यांग सगळी नावे कागदावर लिहायची आणि दोल्दोच्या कुत्र्याला हाड, हाड करत तो कागद लांब बांबूच्या टोकाला लावून रस्त्यावरून तेर्योकडे सरकवायची.

सहाव्या दिवशी फादर अन्सेल्मो सायकलवरून आले. ते दोरीपासून चार हातांवर थांबले.

“कोंचिंगचा फोटो अजून पहिल्या बाकावर आहे,” ते म्हणाले. “तुझाही त्यातच आहे म्हणून विचारायला आलो. काढू?”

“राहू दे, फादर.”

“काही लोक म्हणतात, मेलेल्या माणसाचा—”

“तिची जागा आहे ती. चौतीस वर्षं, रात्री मयताच्या घरून कितीही उशिरा आली तरी ती पहाटे जाऊन तो बाक झाडून घ्यायची. राहू दे.”

फादर थोडा वेळ सायकलची घंटी नुसतीच चाचपत उभे राहिले. “मी आंब्याखाली उभा होतो, तेर्यो. मला पुढे जाऊ दिलं नाही. मी माझं सगळं म्हटलं, पण तिच्या नावांतलं एकही मला आठवेना. माझ्या आईसाठी तिने ती म्हटली होती.” ते पाचपर्यंत थांबले. त्या दिवशी ते फाटकाबाहेर उभे राहून सगळ्यांबरोबर नुसते उत्तर देत होते, एखाद्या उतारूसारखे.

नववा दिवस मोठा असतो. त्या दिवशी घराने गावाला जेवू घालायचे. तेर्योने नारळाच्या दुधात चिकट तांदूळ शिजत घातला आणि तो खाली लागला. करपल्याचा वास आळीभर गेला.

“मानोंग, कोंचिंग बघतेय हो!” फेलिसा कुंपणावरून म्हणाली. तिने थट्टा केलेली कुणी कधी ऐकली नव्हती.

शेवटी प्रत्येकाने आपापल्या घरी तोच पदार्थ केला आणि प्रार्थना झाल्यावर एकाच वेळी आपापल्या पायरीवर बसून खाल्ला. तेर्योने आपला करपलेलाच खाल्ला.

त्या दिवशी लितानी चाळीस नावांपर्यंत गेली. चाळिसाव्यानंतर सगळे थांबले. कुणालाच पुढचे आठवेना. सेर्यांगने कागद उलटा करून पाहिला, बोटांवर नावे पुन्हा मोजली.

“चाळीसच भरतात,” ती म्हणाली. “एक राहिलं.”

“नीट मोज.”

“मोजली रे. एक तिनं बरोबर नेलं.”

तेर्योने फोटोकडे बघितले. “नेऊ दे,” तो म्हणाला. “तिनं सगळ्यांना दिली. एक तिला असू दे.” आणि त्याने प्रार्थना पुरी केली, वेळेवर, नवव्या दिवशी, जशी कोंचिंग करायची तशी.

पिवळी दोरी सुटल्यावर तीन दिवसांनी एक माणूस फाटकात येऊन उभा राहिला. पलीकडच्या कुबाय गावचा हिलारियो. मास्क नाकाखाली घसरलेला, हातात टोपी.

“आई गेली, मानोंग. त्या रोगानं नाही, वयानं. ब्याण्णव वर्षांची होती. आमच्या कापितानानं दहा माणसांची परवानगी दिलीय. पण म्हणायला कुणी नाही.”

“मी गाडीवाला आहे, हिलारियो.”

“आम्हाला सगळं कळलंय. नऊ दिवस तुम्ही केलीत.”

“ती माझ्या बायकोची होती.”

“आईनं चार वर्षांमागंच सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी तालिसायची कोंचिंगच हवी. आता कोंचिंग नाही. मग तुमच्याकडं नाही येणार तर कुठं जाणार?”

तेर्योने तोंड धुतले. कोंचिंग जाताना केस ओले करून विंचरायची तसे त्याने आपले विरळ केस विंचरले आणि शर्ट बदलला. सेर्यांगच्या हातचा कागद खिशात घातला, पण वाटेत तो एकदाही बाहेर काढला नाही. हिलारियो आधीच पुढे गेला होता. गाडीच्या डब्यात कुणी नव्हते, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढत होती. ती सरळ धरायला त्याला कुबायपर्यंत जोर लावावा लागला.

हिलारियोच्या अंगणात चार पुरुष बसले होते, मध्ये अंतर सोडून. त्याला बघून ते उठले. त्याने मान लववली आणि तो आत गेला.

आत म्हातारीची पेटी होती, दोन सुना होत्या, नातवंडे होती. भिंतीशी आरामखुर्चीत मृत बाईची धाकटी बहीण बसली होती. ती पूर्ण आंधळी होती, आणि डोक्यानेही थोडी इकडेतिकडे झाली होती. तेर्यो पेटीच्या पायाशी उभा राहिला. मास्क काढायची परवानगी नव्हती. मास्कातूनच त्याने सुरू केले.

इथे तो उतारू गोळा करत नव्हता. आवाज आपोआप खाली आला. जिथे कोंचिंग दम घ्यायची तिथे त्याने दम घेतला. चौथ्या रहस्याच्या आधी ती घसा साफ करायची. तोही थांबला, आणि सुनांनी, कित्येक वर्षांच्या सवयीने, वाट पाहिली. लितानीला त्याने चाळीस नावे एकेक करून घेतली, घाई न करता. चाळिसाव्यानंतर तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग पुढची विनवणी म्हटली.

प्रार्थना संपली. पोरांनी गुडघे झाडले. हिलारियो काहीतरी म्हणायला पुढे आला, तेवढ्यात आरामखुर्चीतल्या म्हातारीने हात वर केला.

“कोंचिंग आली ना गं? देवाची बाई. या दिवसांतही आली.”

थोरली सून चटकन पुढे झाली. “अगं मावशी, ही कोंचिंग नाही, हा तर—”

तेर्योने तिच्याकडे बघून मान हलवली. ती थांबली.

“आवाज किती बसलाय गं तिचा आज,” म्हातारी म्हणाली. “बसू द्या तिला. आल्याचं गरम पाणी द्या. तशीच नका पाठवू.”

सून स्वयंपाकघरात गेली. आले ठेचल्याचा आवाज आला, मग पाणी उकळल्याचा. तिने पेला आणून तेर्योच्या हातात दिला. पेला फार गरम होता. तो खुर्चीत बसला, मास्क हनुवटीवर ओढला आणि घोटघोट करत सगळे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.